सत्तेचाळिसावा व्हॉल्व्ह

जळगावहून धुळ्याला निघालं की हायवेवर एक गाव लागतं. एसटी थांबते, कुणी केळीवेफर्सचं पाकीट घेतं, एसटी पुढे निघून जाते. बाहेरच्यांना गाव ठाऊक आहे ते एवढंच. पण त्याच गावात शिरून कुठल्याही बाईला विचारा, गेली तेहतीस वर्षं इथला सगळ्यात मोठा माणूस कोण? ती नगराध्यक्षाचं नाव घ्यायची नाही. ती म्हणेल, जीवराम नाना. नगराध्यक्ष पाच वर्षांतून एकदा हात जोडून दारात येतो. नानानं चावी फिरवली तर दर तीन दिवसांनी घरात पाणी येतं.

जीवराम नाना नगरपालिकेचे व्हॉल्व्हमन. खांद्यावर चार फुटांची लोखंडी चावी आणि बुडाखाली खडखडणारी सायकल. रस्त्याखाली कुठे कुठला व्हॉल्व्ह पुरलाय, कुठल्याचे किती आटे सोडले की माळीवाड्यात पाणी चढतं आणि शनिपेठेत उतरतं, हे सगळं त्यांच्या डोक्यात. लग्नघर असलं की घरमालक दुसरी पत्रिका नानांकडे आणून द्यायचा, पहिली अर्थात गणपतीला. मग त्या दिवशी त्या गल्लीत अर्धा तास जास्त पाणी. कुणाकडे मयत झाली, तर पत्रिकेचीही गरज नाही. नाना आपणहून चावी घेऊन निघायचे. हे कुठल्या कायद्यात बसतं, असं कुणी विचारलं नाही आणि नानांनी सांगितलं नाही.

आणि नानांची सेवानिवृत्ती चार महिन्यांवर आली, तेव्हा नगरपालिकेत नवीन यंत्रणा यायचं ठरलं. व्हॉल्व्ह आता कॉम्प्युटर उघडणार, कॉम्प्युटरच बंद करणार. कुठे किती पाणी गेलं ते भिंतीवरच्या पडद्यावर दिसणार. काम मिळालं धुळ्याच्या एका कंपनीला. कंपनीनं पाठवली ऋतिका नावाची इंजिनिअर, वय जेमतेम सव्वीस, तोंडाला स्कार्फ, हातात टॅब. पहिल्याच बैठकीत तिनं फळ्यावर आराखडा मांडला. पहिला टप्पा, सगळे व्हॉल्व्ह शोधून त्यांची नोंद. दुसरा टप्पा, महिनाभर नानांची चावी आणि मशीन दोन्ही सोबत चालवायचं. तिसरा टप्पा, आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, फक्त मशीन. आखाजीचा मुहूर्त नगराध्यक्षांनी सुचवला. साडेतीन मुहूर्तांतला असल्यावर त्यांना फोटो चांगले येतील असं वाटलं असावं!

"नाना, सगळी मदार तुमच्यावर आहे," ऋतिका म्हणाली. "नकाशात छत्तीसच व्हॉल्व्ह आहेत. बाकीचे तुम्ही दाखवायचे."

आपली तेहतीस वर्षं एका टॅबमध्ये भरून ही पोरगी धुळ्याला घेऊन जाणार, असं नानांना वाटलं. राग आला. घरी येऊन ते बायकोवर, धुरपदाबाईवर, उगाच खेकसले. भाजीत मीठ बरोबर होतं तरी.

पण पोरगी बेरकी निघाली. उन्हात नानांच्या मागे पायी पायी फिरायची, आणि एखाद्या चेंबरपाशी नाना जरा जास्त रेंगाळले की विचारायची, "इथं काय झालं होतं?" झालं! नानांना तेवढंच हवं असायचं. इथं मुरूम खोदताना नाग निघाला होता. इथं पाइप फुटला आणि भर मार्चमध्ये पोरं कागदाच्या होड्या सोडत होती. हा व्हॉल्व्ह मोतीलालनं बसवला, पंधरा मिनिटांत, बिडी विझू न देता.

मोतीलाल फिटर म्हणजे नानांचा गुरू. वरणगावकडून आलेला एकटा जीव, ना मागे ना पुढे कुणी. पंपहाऊसच्या खोलीतच राहायचा, तिथंच कांद्याची चटणी-भाकरी, तिथंच झोप. त्यानंच नानांना पाइपला कान लावून पाणी कुठवर आलं ते ऐकायला शिकवलं. तो जाऊन बारा वर्षं झाली. अग्नी नानांनी दिला, कारण द्यायला दुसरं कुणी नव्हतंच. त्याच्याबद्दल बोलायला लागले की नानांचा आवाज आजही घोगरा होतो, आणि मग ते उगाच खोकल्यासारखं करतात.

असं करत करत टॅबमध्ये छत्तिसाचे शेहेचाळीस व्हॉल्व्ह झाले. ऋतिकानं विचारलं, "संपले?"

"संपले," नाना म्हणाले.

साफ खोटं.

सत्तेचाळिसावा होता कापसातली सरकी काढायच्या जुन्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीमागे, एका सपाट दगडाखाली. तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पाऊस दोन वर्षं दगा देऊन गेलेला. जिनमध्ये कापूस निवडणाऱ्या बायांची अकरा घरांची गल्ली होती, तिथं नळ नव्हता, कारण जिनच्या जागेचा दावा कोर्टात पडलेला आणि नगरपालिका परवानगी देत नव्हती. बाया दोन किलोमीटरवरच्या विहिरीवरून पाणी आणायच्या. आखाजी चार दिवसांवर होती. खानदेशात आखाजी म्हणजे सासुरवाशिणींचा सण. लेकी माहेरी येतात, कडुनिंबाला झोका बांधतात, चार दिवस झोक्याच्या पाटावरून उठत नाहीत. आणि अशा वेळी नानांनी त्या गल्लीच्या तोंडाशी ऐकलं, भिकुबाई नावाची बाई चाळीसगावकडे जाणाऱ्या एका माणसाजवळ आपल्या लेकीला निरोप देत होती, "लताले सांग, आवंदा नको येऊ माय. पानी नही शे."

नानांना ते ऐकवेना. दुष्काळ खूप पाहिले, पण आई लेकीला आखाजीला येऊ नको म्हणते? त्यांनी पंपहाऊसवर जाऊन मोतीलालला सांगितलं. मोतीलालनं बिडीचा झुरका घेतला, कोपऱ्यातला दोन इंची पाइप पायानं सरकवला आणि विचारलं, "कितला फूट लागी?"

एका दुपारीत काम उरकलं. गावाला कळायच्या आत भिंतीमागून पाइप गेला, दगडाखाली व्हॉल्व्ह बसला, गल्लीच्या तोंडाशी एक नळ उभा राहिला. नानांनी बायांना छातीठोक सांगितलं, "नगरपालिकेनं मंजूर केलं." बाया हो म्हणाल्या. लता आली, साऱ्या लेकी आल्या, निंबाला झोका लागला. तेव्हापासून दर तीन दिवसांनी नाना तो दगड सरकवून चाळीस मिनिटं पाणी सोडत. त्या गल्लीतून तेवीस वर्षांत एकदाही तक्रार आली नाही. एकदा तर पंप जळाला आणि आठ दिवस पाणी नव्हतं. सगळं गाव हंडे घेऊन नगरपालिकेवर चालून आलं, त्या गल्लीतलं कुणी फिरकलंदेखील नाही. गरीब बिचारी माणसं, असं नानांना तेव्हा वाटलं होतं.

आता हे सगळं कागदावर आणायचं म्हणजे स्वतःच्या हातानं स्वतःचा गळा दाबणं. बेकायदा नळजोडणी, तीही कर्मचाऱ्यानंच केलेली. चौकशी लागली की पेन्शन अडकली. म्हणून नाना गप्प बसले. मशीनला काय कळतंय, असं त्यांनी मनाला समजावलं.

मशीनला कळलं. दुसऱ्या टप्प्यात दोन्ही सोबत चालायला लागलं, आणि आखाजीला आठ दिवस उरले असताना ऋतिकानं पडद्यावरची एक लाल रेघ दाखवली. "नाना, जिनच्या बाजूला गळती आहे. दर तीन दिवसांनी, चाळीस मिनिटं. अशी घड्याळ लावून गळती कशी होते?"

"जुना पाइप आहे. झिरपत असेल," नाना म्हणाले.

"हरकत नाही. परवा जेसीबी येतोय. खोदू आणि कायमचं सील करून टाकू."

घरी आल्यावर नानांनी धुरपदाबाईला सगळं सांगितलं. इतकी वर्षं तिलाही सांगितलं नव्हतं. ती आधी कडाडली, "पेन्शन गेली तं काय हाई चावी खाशी का?" मग बराच वेळ गहू निवडत बसली. मान वर न करता म्हणाली, "आपली किरण बी यी राहिनी. आखाजीले." एवढंच. नाना उठले आणि ओट्यावर जाऊन बसले. आपली लेक येणार, आणि तिकडे अकरा घरं आपल्या लेकींना काय निरोप देणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ऋतिकाला जिनच्या भिंतीमागे नेलं, दगड सरकवला आणि सगळी हकिगत सांगितली.

तिनं वाकून पाहिलं. मग टॅबवर सत्तेचाळीस आकडा टाकला. "नाना, आता हा नोंदला की कुणाला गुपचूप बंद करता येणार नाही. बंद करायचा तर सभेत ठराव आणावा लागेल, आणि या लोकांची मतं कुणाला नकोत? पण इथं एक रकाना आहे. कुणी बसवला. तो रिकामा ठेवू का?"

"नको. रिकामा दिसला की शोधत बसतील. माझं नाव टाक."

"एकट्याचं? तुम्ही म्हणालात ना, मोतीलालनी…"

"मेलेला माणूस खुलासा द्यायला येत नसतो, बेटा. त्याला नको ओढू. माझंच टाक."

तिनं टाकलं. जेसीबी रद्द झाला आणि त्या व्हॉल्व्हलाही मशीन जोडलं गेलं. चारच दिवसांत मुख्याधिकाऱ्यांची नोटीस आली. नानांनी दोन ओळींचा खुलासा लिहिला, बायकांचे हाल बघवले नाहीत म्हणून जोडणी केली, चूक मान्य आहे. पेन्शनच्या कागदांवर 'चौकशी प्रलंबित' असा शिक्का बसला. ऑफिसातले काही जण नानांशी हळू आवाजात बोलायला लागले, जसं आजाऱ्याशी बोलतात.

आखाजीची सकाळ उजाडली. साडेसहाला मशीन पहिल्यांदा एकटं चालणार होतं. तिकडे टाकीपाशी हार, नारळ, फोटो. नाना तिकडे गेलेच नाहीत. सवयीनं चावी खांद्यावर टाकली आणि जिनच्या गल्लीत जाऊन नळासमोर उभे राहिले. हातात चावी, आणि फिरवायला काही नाही. त्यांना एकदम फार म्हातारं झाल्यासारखं वाटलं.

नळ आधी फुसफुसला. मग खाकरला, थोडं गढूळ पाणी थुंकला, आणि धार लागली. कुणी हात लावला नव्हता. लेकीबाळी हंडे घेऊन धावल्या. निंबाला झोका बांधलेला होता, त्यावर कुणाची तरी नात आत्ताच येऊन बसली होती.

नाना वळले, तेवढ्यात मागून आवाज आला, "कोठे चालना रे जीवराम?"

भिकुबाई. आता ऐंशीची, पाठीत वाकलेली, पण जीभ सरळ. "माले समदं समजनं. तुन्ही पेन्शन अडकाडी ना त्यास्नी? उद्या आम्ही बठ्ठी अकरा घरं ऑफिसवर यी राहिनूत. तक्रार कराले."

नानांना हसूच आलं. "तुम्ही? तेवीस वर्षांत कधी आल्या नाहीत, भिकुअक्का!"

"कशा येतूत?" म्हातारी उसळली. "आम्ही तक्रार करी असती तं साहेबनी इचारलं असतं, तुम्हले नळ दिना कोनी? मंजूर म्हने! दोन मानसं गोणपाट बांधीसन चोरासारखा पाइप गाडतस, ते काय मंजूर ऱ्हास का रे भो? आम्हले पहिला दिवसपासून माहित शे. आठ दिवस पानी नव्हतं ना, तवय पोरी रडन्यात, पन ऑफिसवर कोनले जाऊ नही दिनं मी."

तेवीस वर्षं नाना समजत होते की आपण या लोकांना सांभाळतोय.

"चाल, इकडे ये," म्हणून म्हातारीनं त्यांना हाताला धरून निंबाखाली नेलं.

आखाजीला खानदेशात घरोघरी पितरांच्या नावानं घागर भरतात. मातीची नवी घागर, काठोकाठ पाणी, वर सांजोरी, म्हणजे रव्याची गोड पुरी, आणि आंबा. गल्लीतल्या अकरा दारांत अकरा घागरी होत्याच. निंबाच्या बुंध्याशी बारावी होती. तिच्यापुढे सांजोरीशेजारी एक बिडीचं बंडल ठेवलेलं.

नानांनी ते बंडल पाहिलं आणि ओळखलं.

"दर वरीसले भरतस," भिकुबाई म्हणाली. "त्याले कोन होतं भराले? पानी त्यानंच दिनं ना आम्हले."

नाना मटकन खाली बसले. खोकल्याचं सोंगही जमलं नाही. सगळ्या गल्लीसमोर, चावी मांडीवर घेऊन, ते लहान पोरासारखे रडले. झोक्यावरची मुलगी झोका थांबवून बघत राहिली.

भिकुबाईनं त्यांना थोडा वेळ रडू दिलं. मग पाठीवर एक चापट मारली. "उठ आते, रडू नको. तुन्ही बी घागर भरसूत. पन आधी मर तं खरा!"

गल्ली खो खो हसली, आणि नानाही हसले. लतानं नळावर भरलेला तांब्या आणून त्यांच्या हातात दिला. पाणी थंडगार होतं. नानांनी ते उभ्यानं, मान वर करून, गटागटा पिऊन टाकलं.