अर्ध्या मिनिटाचा भोंगा

मी बोलतोय, म्हणजे आज सगळं ठीक आहे. एरवी माझ्या नशिबी बोलणं नाही, किंचाळणंच.

मी तळहाताएवढा पिवळा भोंगा. आग विझवणाऱ्या जवानाच्या पाठीवर हवेचं सिलिंडर असतं, त्याच्या खांद्यावरच्या पट्ट्याला मला अडकवतात. आगीत शिरताना माझी किल्ली काढून बाहेरच्या फळ्यावर टांगली की माझा पहारा सुरू होतो. मग माझं लक्ष एकाच गोष्टीकडे: माणूस हलतोय ना? अर्धं मिनिट हलला नाही, की आधी हळूच चिवचिवतो. तरीही तो हलला नाही, तर असा ओरडतो की भिंतीपलीकडच्यालाही कळावं, इथे कोणीतरी पडलंय.

म्हणून आमच्या केंद्रातले जवान उभ्या उभ्या मधूनच कंबर हलवतात. नव्या माणसाला वाटतं, यांना मुंग्या चावतात की काय!

माझ्या मालकाला हे हलणं काकांनी शिकवलं. काका म्हणजे सख्खे नव्हेत, केंद्रातले सगळ्यात जुने जवान. "स्वतःच्या लग्नात खांबासारखा उभा होतास," ते म्हणायचे, "इथे तरी नाच की लेका!"

त्या लग्नाला महिना झाला असेल, कापडाच्या गोदामाला आग लागली. आत छत कोसळलं. काका ढिगाऱ्याच्या पलीकडे, आम्ही अलीकडे. जरा वेळाने पलीकडून काकांचा भोंगा ओरडू लागला. मालक हातांनी ढिगारा उपसत होता. उरलेलं छतही खाली येऊ लागलं, तेव्हा केंद्राच्या साहेबांनी त्याला मागून मिठी मारून बाहेर ओढलं. बाहेर उभं राहून आम्ही ऐकत राहिलो. सात मिनिटं. मग माझा तो भाऊबंद एकदम गप्प झाला.

काका परत आले नाहीत.

त्यानंतर मालक स्थिर म्हणून राहिला नाही. बसला की गुडघा हलणार, उभा राहिला की खांदा. केंद्रातल्या पोरांनी त्याचं नाव 'स्प्रिंग' ठेवलं. दर बुधवारी स्टोअरशेजारच्या खोलीत समुपदेशक बाई येतात. त्या खोलीला पोरं पंक्चरचं दुकान म्हणतात. "स्प्रिंग, जाऊन ये रे, टाळक्यातली हवा तपासून घे!" मालकही हसला. हसताना त्याने मला मुठीत धरलं होतं. किल्ली नीट बसली आहे ना, हे अंगठ्याने चाचपत होता.

रोजच्या तपासणीतली माझी चिवचिवही त्याला सोसवेना. एके दिवशी त्याने मला पट्ट्यावरून सोडवलं, माझ्या जागी भंगारातला एक मुका भोंगा लावला आणि मला डब्याच्या पिशवीत घालून घरी नेलं. कपाटात स्वेटरांखाली दडवलं. म्हणजे आता आगीत तो पडला असता, तर कोणाला पत्ताही लागला नसता. आणि हे माहीत असलेला मी किल्लीसकट लोकरीत गाडलेला!

तिथून घर ऐकू यायचं. "अहो, तुमच्या शेजारी जेवायला बसलं की चालू बसमध्ये बसल्यासारखं वाटतं," बायको म्हणायची. "उतरायचं कुठे, तेवढं सांगा." तो हसायचा. आणखी एक पोळी मागायचा.

सुट्टीच्या एका सकाळी तिने कपाट आवरायला काढलं. मी हाती लागलो. तिने उलटसुलट करून पाहिलं, किल्ली उपसली आणि मला पलंगावर ठेवून घड्या घालत बसली.

मी मोजत होतो. चिवचिवलो. ती चमकली, पण मला तिने हलवलं नाही. मग मी ओरडलो.

स्वयंपाकघरात कपबशी फुटली. मालक आला तो जमिनीवरून, गुडघ्यांवर, एक हात भिंतीला लावून. धुरात वाट शोधतात तसा. भर उजेडात डोळे घट्ट मिटलेले. "काका! आलो! हात द्या!"

तिने घाबरून किल्ली परत बसवली. मी गप्प झालो.

तीच चूक झाली. "बंद का झाला?" तो भिंतीवर मुठी आपटायला लागला. "बंद का झाला!"

तिने मला खाली टाकलं, त्याच्यासमोर बसली आणि त्याचा हात ओढून आपल्या खांद्यावर ठेवला. मग खांदा हलवत राहिली. "हे बघा, मी हलतेय. मी आहे इथे. डोळे उघडा."

बऱ्याच वेळाने त्याने उघडले. गोदामाची सगळी हकिकत तिने त्या दिवशी फरशीवर बसून पहिल्यांदा ऐकली.

शेवटी तिने मला उचललं. "हा इथे आहे, तर तुमच्या पट्ट्याला काय लावलंय?"

"मुका आहे एक."

"म्हणजे तुम्ही पडलात, तर मला कोण सांगणार होतं?"

त्याने मला तिच्या हातातून घेतलं.

"उद्या बुधवार," ती म्हणाली.

"पोरं हसतील गं."

"हसू देत. मी दाराशीच बसते. काय हसायचं ते माझ्याकडे बघून हसा म्हणावं."

दुसऱ्या दिवशी मालकाने दोन्ही भोंगे साहेबांच्या टेबलावर ठेवले. साहेबांचा चेहरा उतरला. "बाई सांगेपर्यंत आगीवर जायचं नाहीस," ते म्हणाले. मग दार लोटून घेतलं, आवाज खाली आणला. "त्यांना विचार, पुढच्या बुधवारी माझ्यासाठी वेळ आहे का. तुला बाहेर ओढणारे हात माझेच होते."

त्या दिवशी बाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर बायको विणकाम घेऊन बसली होती. कोणी हसलं नाही. एकाने तर तिला चहा आणून दिला आणि हळूच विचारलं, "वहिनी, आत जाऊन बोलायचं असेल तर काय करावं लागतं हो?"

आता दर बुधवारी बाईंच्या खोलीत मी मालकाच्या हलत्या गुडघ्यावर असतो. तो स्वतःच्या हाताने माझी किल्ली काढतो आणि बोलायला लागतो. परवा बोलता बोलता हलायचंच विसरला. मी चिवचिवलो. त्याने मला जरासं हलवलं आणि म्हणाला, "थांब रे, बोलतोय ना मी."

ज्यांनी मला घडवलं त्यांना वाटलं, जो हलत नाही तो संकटात. जो थांबूच शकत नाही, त्याच्यासाठी त्यांनी काही बनवलं नाही. तो तुमच्या शेजारी जेवायला बसला असेल, तर विचारा त्याला. मला अर्धं मिनिट थांबावं लागतं, माझी घडणच तशी. तुम्ही कशाला थांबताय?