आन फोंगची धावपट्टी दाबणारा रोलर

मित्रांनो, मी रोड रोलर आहे. जुना, गंजलेला, पुढच्या लोखंडी चाकाला चीर गेलेला. मी रागावलेलोही आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर दचकू नका.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. पिवळा रंग देऊन मला जहाजात चढवलं आणि व्हिएतनामच्या किनाऱ्यावर उतरवलं. आन फोंग या गावापासून बाजारापर्यंत रस्ता करायचा होता. मला चालवायला खिएम नावाचा तिशीतला माणूस मिळाला. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी तो माझी प्रत्येक खीळ हाताने चाचपून बघायचा. त्याची आई, थोआ आजी, मला पहिल्यांदा पाहून म्हणाली, "ही म्हैस खाते किती आणि शेण टाकते कुठे?" तेव्हापासून सगळं गाव मला पिवळी म्हैस म्हणू लागलं.

रस्ता झाला. मासळीच्या टोपल्या घेऊन बाजाराला निघालेल्या बायकांचे पाय चिखलात रुतेनासे झाले. जाता जाता त्या माझ्या पत्र्यावर थाप मारायच्या. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं एवढीच. तीन.

कामावर कार्व्हर नावाचे अमेरिकन इंजिनिअर होते. माणूस वाईट नव्हता. खिएमच्या अंगणात बसून माशाचं आंबट कालवण आणि भात चवीने खायचा. खिएमला त्यांची भाषा मोडकीतोडकी यायची, म्हणून गप्पा व्हायच्या. एकदा आजीने विचारलं, "साहेब, तुमच्या देशात रस्ते संपले का, म्हणून इथे आलात?"

कार्व्हर हसले. "आजी, उत्तरेत कम्युनिस्टांचं राज्य आलंय. तुमचा मुलूखही त्यांनी घेतला, तर उद्या शेजारचा घेतील, परवा त्याच्या शेजारचा."

"आणि तुमचा कधी घेणार?"

"आमचा फार लांब आहे. जहाजाने महिना लागतो."

"अगं बाई! आणि इतक्या लांबून भिता होय?"

खिएमने हे भाषांतर करून सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

मग त्या रस्त्यावरून सरकारी फौजेच्या गाड्या जाऊ लागल्या, आणि जंगलातले बंडखोर येऊन रस्ता खणू लागले. मी बुजवायचो, ते खणायचे. रस्ता राखायला शिपाई आले. शिपायांना शिकवायला अमेरिकेहून सात सल्लागार आले. सल्लागारांना औषधं आणि टपाल पोचवायला लहान विमान हवं, म्हणून मी चारशे मीटरची धावपट्टी दाबून दिली. बंडखोरांनी त्या पट्टीवरची दोन विमानं जाळली. मग विमानं राखायला अमेरिकेचेच हजारो सैनिक आणायचं ठरलं. इतके सैनिक म्हणजे मोठी विमानं आली. मोठी विमानं म्हणजे लांब धावपट्टी.

दर वेळी कार्व्हर खिएमला सांगायचे, "एवढं झालं की आपलं काम संपलं." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच वाटायचं. म्हणूनच मला त्यांचा जास्त राग येतो.

या वेळी नकाशावरची रेघ पिकल्या भातातून जाऊन थेट गावाच्या कबरींवर पोचली. जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने यादी वाचली. नाव कोरलेल्या एकोणीस कबरी तीन दिवसांत हलवायच्या. त्यांत खिएमच्या वडिलांची होती.

खिएम कार्व्हरकडे गेला. "साहेब, पट्टी पूर्वेला वळवा. तिकडे नुसती वाळू आहे."

"मी लिहून पाठवलं होतं. वाळूवर वजन पेलणार नाही, असं उत्तर आलं."

"मग थांबवा."

कार्व्हरांनी टोपी काढून घाम पुसला. "खिएम, विमानं जळाली तेव्हा आमची पाच माणसं मेलीत. आता थांबलो, तर त्यांच्या आयांना काय सांगू? ती फुकट मेली म्हणून?"

"म्हणजे मेलेल्यांची लाज राखायला अजून माणसं मारायची?"

साहेब नकाशाची गुंडाळी करून निघून गेले.

खिएम घरी येऊन आईला म्हणाला, "मी नाही चालवणार. त्यांना दुसरा ड्रायव्हर शोधू दे."

"दुसरा हाडं निघायची वाट बघेल का?" आजी कडाडली. "तूच चालव. निदान आम्ही उचलेपर्यंत हळू तरी येशील."

तीन दिवस गाव खणत होतं. हाडं धुऊन मातीच्या रांजणांत ठेवली. चौथ्या दिवशी खिएमने मला शेतात घातलं. कापणीला आलेलं भात माझ्या चाकाखाली चुरचुरत गेलं.

बांधापाशी खिएमची बायको न्हान उभी होती. ती ओरडली, "थांबा! आपली पोर राहिली!"

मित्रांनो, त्यांची पहिली मुलगी अकराव्या दिवशी तापाने गेली होती. नाव ठेवायच्या आधीच. तिला बांधाच्या कडेला पुरलं होतं. वरचा मातीचा इवलासा ढिगारा कितीतरी पावसाळ्यांपूर्वी वाहून गेला होता. नाव नाही, म्हणून यादीत नाही. न्हान तीन दिवस ती जागा शोधत होती आणि कुणाला सांगायला धजत नव्हती.

खिएमने मला थांबवलं. अधिकारी धावत आला. "कुठे आहे कबर? दाखव!"

"इथेच. या पाच-सहा पावलांत."

"दगड आहे? नाव आहे? मग कबर कशी? चालव!" आणि त्याने बंदूकवाल्या शिपायाला हाक मारली.

बंदूक न्हानकडे वळली. खिएमने मला पुढे घातलं.

माझ्या लोखंडाला कळतं, माती कुठे घट्ट आहे आणि कुठे पोकळ. एके ठिकाणी ती दबली. फार नाही, बोटभर. खिएमच्या हातांना ते कळलं, कारण त्याने तेव्हाच लिव्हर सोडून दिला. तो खाली उतरला, पट्टीसाठी टाकलेल्या ढिगातून दोन्ही मुठी वाळूने भरून घेतल्या, माझ्या तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं आणि वाळू आत ओतली. सगळ्यांसमोर, भर दुपारी. मग परत चढून त्याने माझं इंजिन भरधाव सोडलं. आतून मी फाटलो. आयुष्यात मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

शिपाई त्याला मारत घेऊन गेले. कार्व्हरांनी कुणालाच अडवलं नाही. चार दिवसांनी माझ्या जागी दोन नवे रोलर आले.

मग हजारो सैनिक उतरले. आन फोंगची घरं जाळून माणसांना महामार्गाकडेच्या छावणीत कोंबलं. ज्या रस्त्यावर बायका मला थाप मारायच्या, त्याच्या तोंडाशी काटेरी तार आली, आणि गावच्या माणसांना तिथे जायची बंदी झाली. थोआ आजी छावणीतच वारली. मी तारेच्या आत पडून राहिलो. किती विमानं उडाली ते मी मोजलं नाही.

दहा वर्षांनी सगळे सैनिक आपल्या देशी निघून गेले. खिएम तुरुंगातून सुटला होता, एका पायाने लंगडत होता. तो आणि न्हान पहारी घेऊन आले. बांध नाही, झाड नाही, खुणेला काही नाही. दोघांनी डांबर फोडायला घेतलं. आठवडाभर फोडत होते. हाती काहीच लागलं नाही. शेवटी न्हान म्हणाली, "पुरे. आता इथे भात लावू." पुढच्या मोसमात त्यांनी तिथे रोपं लावली.

परवा गावचे मास्तर आले होते. मला रंगवून शाळेच्या मैदानात ठेवायचं त्यांच्या मनात आहे. ठेवा. गंज खरवडा, वंगण घाला, माझ्या अंगावर चढा, खेळा. यंत्राची निगा राखावी, हे मलाही पटतं. पण मित्रांनो, मला पुन्हा सुरू करायला कुणी नकाशा घेऊन आला, तर त्याला आधी गाडीतून उतरवा. त्याला अनवाणी या शेतातून चालत न्या, आणि दर पाच पावलांवर थांबून विचारायला लावा, इथे कोण निजलंय.