तीनदा भरलेली सॅक

मी सॅक बोलतेय. पाठीवर घ्यायची, जाड ताडपत्रीची. जरा सावकाश बोलते, कारण माझी चेन मध्येच अडते आणि दर वेळी कुणाला तरी तिची समजूत काढावी लागते.

गाड्यांची छपरं शिवणाऱ्या एका कारागिराने मला उरलेल्या दोन तुकड्यांतून बेतलं. म्हणून पुढून मी हिरवी आणि मागून खाकी. मोजणीखात्यातल्या एका तरण्याबांड माणसाने मला मुद्दाम शिवून घेतलं होतं. खुंट्या, दोऱ्या, नकाशाची नळी आणि जेवणाचा डबा माझ्या पोटात कोंबून तो डोंगरच्या डोंगर पालथे घालायचा. आज घरातले सगळे त्याला बाबा म्हणतात, मीही म्हणते.

बाबांचे गुडघे कुरकुरायला लागले, ते निवृत्त झाले आणि मी माळ्यावर गेले. पोटात एक जुनी रजई. सात वर्षं आम्ही दोघी तिथे पडून होतो. रजई काही फारशी बोलकी नव्हती. शेजारी उंदराचा सापळा होता. माझा डावा पट्टा फार पूर्वी अर्धा तुटला होता, तो लाल दोऱ्याने शिवलाय. 'उंदराने कुरतडला,' असं बाबांनी तेव्हा घरात सांगितलं, म्हणून त्यांच्या बायकोने, म्हणजे आईंनी, सापळा आणला. त्यात आजवर एकही उंदीर सापडला नाही. सापडणार कसा?

यंदा घरात सून आली. ती कपडे बेतून, दुरुस्त करून देणाऱ्या दुकानात काम करते. बोलते कमी आणि बघते फार. तिच्या नवऱ्याने, म्हणजे बाबांच्या मुलाने, मला खाली काढलं, झटकलं आणि जाहीर केलं की येत्या शनिवारी डोंगरावर मुक्काम. त्याच्या कारखान्यातले तिघं सोबत. त्याची ही सतरावी का अठरावी चढाई, तिची पहिली.

तिने नवे बूट घेतले आणि ते पायाला सरावावेत म्हणून आठवडाभर गच्चीत घालून फिरली. आई म्हणाल्या, "शेजारच्यांना वाटेल, सून पळून जायच्या तयारीला लागली." सून हसली, पण फेऱ्या काही थांबवल्या नाहीत.

शनिवारी सकाळी आभाळ पार खाली उतरलं होतं. वाऱ्याने समोरच्या दुकानाची पाटी उलटी केली. बातम्यांत दोन दिवस जोराच्या पावसाचा इशारा. एकची गाडी होती आणि मी गळ्यापर्यंत भरून दाराशी उभी होते.

"काय गं, जायचं ना?" त्याने विचारलं.

"बघू," ती म्हणाली.

इथे सगळा घोटाळा झाला. तिच्या माहेरी 'बघू' म्हणजे हो. तिचे वडील सकाळी 'बघू' म्हणाले की संध्याकाळपर्यंत ती वस्तू घरात आलेली असायची. या घरातला 'बघू' मात्र वेगळा. स्वयंपाकघराची खिडकी मोठी करायची का, या प्रश्नावर बाबा अकरा वर्षं 'बघू' म्हणताहेत. आईंनी त्या खिडकीची आशा केव्हाच सोडली आहे.

तेव्हा तो नकारच समजून त्याने माझ्यातून पांघरुणं बाहेर काढली. ती चहाचे कप घेऊन आली, पांघरुणांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तिला वाटलं, आपलं ओझं नको म्हणून हा माघार घेतोय. तिने बूट उचलून कोपऱ्यात नीट लावून ठेवले. ते त्याने पाहिलं. त्याला वाटलं, हिची जायची फार इच्छा आहे. त्याने मला पुन्हा भरलं.

मग तिने आभाळाकडे पाहिलं आणि कोरडे कपडे जास्त घ्यावेत म्हणून मला उपसलं. तो आत येऊन म्हणाला, "राहू दे का मग?" ती म्हणाली, "तू म्हणशील तसं." तो म्हणाला, "माझं काही नाही, तुझं बघ." आणि दोघांनी मिळून मला तिसऱ्यांदा भरलं. इतकं मन लावून, की जाण्याची इच्छा त्यातल्या एकाचीही नाही हे माझ्याखेरीज कुणाला कळलं नसतं. त्याचे हात गार होते. तिने एकच मोज्याची जोडी दोनदा आत घातली आणि दोनदा बाहेर काढली.

तो मित्रांना फोन करायला गच्चीत गेला. "ओढा गुडघाभरच असतो रे," असं त्याचं बोलणं खोलीत ऐकू आलं.

तिने सुईदोरा घेतला आणि माझा डावा पट्टा मांडीवर ओढला. जुन्या शिवणीशेजारी अजून एक शिवण घालायची होती. बोटं पट्ट्यावरून फिरली आणि थबकली. उंदराची गोष्ट तिनेही घरात ऐकली होती. बाबा खुर्चीत पेपर वाचत होते.

"बाबा, हे उंदराचं काम नाही," ती हळूच म्हणाली. "उंदीर कुरतडतो. हे धागे सगळे एकाच बाजूला ओढले गेलेत. यावर कुणाचं तरी वजन आलं होतं."

पेपर खाली आला. बाबांनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आई आत होत्या, भांड्यांचा आवाज येत होता.

"माझं आलं होतं," ते म्हणाले. "असंच आभाळ होतं. साहेब म्हणाले, ओढा गुडघाभर आहे, चला. मला मनातून नको वाटत होतं. पण चौघांत नको म्हणायची लाज वाटली. मध्यावर पाणी वाढलं आणि पाय सुटले. हा पट्टा झाडाच्या मुळाला अडकला म्हणून वाचलो."

अर्धा तुटला आणि अर्ध्याने धरून ठेवलं, हे मी सांगते. तेवढा वेळ बाबांनी आईंचं नाव घेतलं होतं, हेही मला माहीत आहे, पण ते मी आईंनाही सांगितलेलं नाही.

"जा म्हणत नाही, नको जाऊ म्हणत नाही," बाबा म्हणाले. "पण जे वाटतंय ते बोलून टाक बाळ. नंतर उंदीर शोधत बसावं लागतं."

तिने दोरा दाताने तोडला. उठली, गच्चीच्या दारात गेली. फोन अजून त्याच्या कानाला होता.

"ऐक. आमच्याकडे बघू म्हणजे हो असतं. म्हणून आता नीट सांगते. आज नको. मला भीती वाटतेय. डोंगर मला हवाय, पण असा नको."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग फोनमध्ये म्हणाला, "अरे, आम्ही येत नाही. तुम्हीही थांबा." पलीकडून कुणीतरी एवढा मोठा सुस्कारा सोडला की तो खोलीत मलाही ऐकू आला. मित्रही सकाळपासून एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले होते.

"मला वाटलं, तुला जायचंय," तो आत येत म्हणाला.

"मला वाटलं, तुला."

दोघं माझ्या दोन बाजूंना जमिनीवर बसले आणि हसत सुटले. आई हात पुसत बाहेर आल्या. बाबांनी पेपर पुन्हा वर केला. तो उलटा धरला होता.

"मग ही रिकामी करून माळ्यावर टाकू का?" आईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. माझी चेन जागीच अडली.

"नको आई, असू दे इथेच," सून म्हणाली.

"मग कधी जाणार तुम्ही?"

"आभाळ उघडलं की. बघू."

तेव्हा तिच्या नवऱ्याने हात पुढे केला. मला वाटलं, झालं, आता तिसऱ्यांदा उपसणार. पण त्याने माझी अडकलेली चेन तेवढी समजूत काढून नीट लावली.

आज पाचवा दिवस. मी भरलेलीच दाराशी आहे, पट्ट्यावर लालच्या शेजारी निळी शिवण आहे. बाहेर अजून पडतोय. पडू दे. मला घाई नाही. सात वर्षं मी रजईबरोबर काढली आहेत. तुमच्याही माळ्यावर माझी कुणी बहीण असेल, तर एकदा खाली काढा. आणि तिच्यावर जुनी शिवण दिसली, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, हे खरंच उंदराचं काम आहे का.