पानावर मांगूर नाही

शेवटच्या साध्या दिवशी आई तलावाच्या उथळ कोपऱ्यात गुडघाभर गवतात उभी राहून डोमामामाला झापत होती. मामा तिचा धाकटा भाऊ, तिला बाई म्हणायचा. तो तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, वाकून पाण्यात बघत होता.

"मांगं हो रे. आषाढ हाय."

"पाहूनच राह्यलो ना, बाई. पाहू बी नको का?"

"तुह्या डोळ्याईले दात हायेत, डोमा."

मी पाळीवर बसून हसत होते. आषाढात देशी मांगूर हा मासा काठच्या चिखलात, गवताच्या मुळांशी खळगा करून अंडी घालतो आणि नर तिथून हलत नाही. म्हणूनच त्याला धरणं सोपं. खळग्यात हात घातला की बाप हाती लागतो. असा धरून धरून आरमोरीकडच्या तलावांतून तो जवळजवळ संपला. आईनं मासेमारांच्या सोसायटीत भांडून हा एक कोपरा पोळ्यापर्यंत बंद करून घेतला होता.

दुपारी वरण-भात जेवलो. "भांडे राहू दे, मी घासतो," ती म्हणाली. दुसऱ्या सकाळी ती उठली नाही.

आमच्या घरी तेरवीच्या दिवशी, गेलेल्या माणसाच्या आवडीचा मासा पानावर वाढतात. आईची मांगूरची आवड साऱ्या गावाला ठाऊक. तेरवीच्या सकाळी मामा घरात दिसेना, तेव्हा तो कुठे असेल ते मला कळलं.

तो कोपऱ्यातच होता. चिखलात बसलेला, उजवा हात गवताखाली.

"मामा, काढ हात."

"एकच, पुनम. बाईसाठी. सख्ख्या भावानं बिना मांगूरचं पान ठेवावं का?" त्याचा आवाज फाटला. "लागून राह्यला हाताले. इथीच हाय."

"अंड्यावर बसला हाय तो. त्याले नेलं त मांगं कोण राखन?"

"बाईले आवडे ना."

"आवडे. तरी कोपरा बंद केल्यापासून तिनं तोंडाले लावला नाई."

 मामा एकदम ओरडला आणि हात बाहेर आला, रिकामा, कोपरापर्यंत काळा.

"काटा मारला लेकाच्यानं!" बोट चोखत तो हसायला लागला. डोळे भरलेले होते. "पुरा बाईवर गेला."

पानावर बाजारातले झिंगे वाढले. पान घेऊन आम्ही दोघं पाळीवर आलो. खाली गवत हललं, वारा नव्हता. मला फार बरं वाटलं.

मामा मात्र पानाकडे बघत उभा होता. "तिच्या आवडीचं काईच नाई यात. दोन शब्द तरी बोल, पुनम. आता मधात बोलत नाई ती."

एक वाक्य आयुष्यभर पुस्तकांत वाचलं होतं, पण आमच्या घरात ते कधी कुणी उच्चारलं नव्हतं.

"आई," मी मोठ्यानं म्हणाले, "तू मले लय आवडत होती."