आवाज गेला, गाडी राहिली

सोसायटीच्या सेक्रेटरींनी तिला जिन्यातच गाठलं. "रविवारपर्यंत आवाज बंद करा, नाहीतर ती व्हॅन आवाराबाहेर काढा. पहाटे माणसं दचकून उठतात."

त्यात खोटं काही नव्हतं. लाँड्रीची ती जुनी व्हॅन सुरू झाली की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. सायलेन्सरची गंजून चाळणी झाली होती. पण बाहेर रस्त्यावर गाडी लावायला जागा नव्हती, आणि गाडीशिवाय हॉटेलांच्या चादरी आणणार कोण? नवऱ्याने दुसरं घर थाटलं तेव्हा तिच्या वाट्याला तळमजल्यावरची लाँड्री आली, ही व्हॅन आली आणि सासू आली. सासू मुलाबरोबर गेलीच नाही. "त्याला आई हवी असेल तर तो येईल इकडे," एवढंच म्हणाली आणि चादरींच्या घड्या घालायला बसली.

गॅरेजवाल्याने गाडीखाली वाकून पाहिलं आणि मान हलवली. "ताई, भंगारात घाला. बोल्टला हात लावला तर अर्धी गाडी हातात येईल. मी नाही लावणार."

"मग मी लावते," ती म्हणाली.

स्पेअर पार्टच्या दुकानात तिने साधा पाइप नाकारला आणि न गंजणारा, स्टीलचा मागितला. सायलेन्सरही मूळच्यापेक्षा मोठा, आवाज जास्त गिळणारा. दुकानदार हसला. "गाडीपेक्षा पाइप जास्त जगेल."

"जगू दे. तेव्हा त्याला दुसरी गाडी बघीन."

शनिवारी लाँड्रीला कुलूप लावून तिने आवारात व्हॅन जॅकवर उचलली. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवायचा नाही हे तिला ठाऊक होतं. खाली लोखंडी स्टँड लावले, चाकांना विटांचा अटकाव दिला, गाडी हलवून पाहिली आणि मगच पाठीवर आडवी होऊन आत सरकली. सासू बाजूला स्टुलावर बॅटरी धरून बसली.

बोल्टांवर आदल्या दिवशीच तेल मारून ठेवलं होतं. दोन कुरकुरत का होईना, सुटले. तिसरा जागचा हलेना. तिने पान्याला लांब नळी अडकवून जोर लावला तशी बोल्टची मुंडी तुटून तिच्या खांद्यावर पडली.

"लागलं का गं?" सासूने विचारलं.

"मला नाही. बोल्टला लागलं."

मग ग्राइंडर निघाला. ठिणग्या उडायला लागल्या तशी गॅलऱ्यांमध्ये माणसं जमली. सेक्रेटरी वरून म्हणाले, "अहो, मेकॅनिक बोलवा. हे बायकांचं काम नाही."

सासूने मान वर केली. "पुरुषांनी नाही म्हटलं म्हणून तर आम्ही आलो. खाली या, बॅटरी धरा. माझा हात भरून आलाय."

सेक्रेटरी आत गेले.

दुपारपर्यंत जुना पाइप तुकड्या-तुकड्यांनी बाहेर आला. ती नवा चढवत गेली. सांध्यात नवं पॅकिंग, वर पाइप टांगायला रबराचे झोके, जोडावर क्लॅम्प, आणि प्रत्येक ठिकाणी जीव खाऊन आवळलं. गाडी खाली घेऊन चावी फिरवली. भसाभस आवाज गेला होता, पण खालून टणटण, टणटण सुरू झालं. पाइप गाडीच्या तळाला आपटत होता. वरून कोणीतरी हसलं.

ती स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. डोळ्यांत गंज गेला होता, कोपर सोललं होतं. क्षणभर वाटलं, द्यावी खरंच भंगारात.

सासू खिडकीपाशी आली. "फाटकी चादर जोडताना तू काय करतेस?"

"आधी धावदोरा घालते."

"का?"

"घडी नीट बसली का बघायला." ती बोलता बोलता थांबली. "आई, मी आधीच पक्की शिलाई घातली."

इंजिन थंड झाल्यावर तिने गाडी पुन्हा स्टँडवर चढवली आणि खाली शिरली. सगळे क्लॅम्प सैल केले, पाइप हाताने फिरवून मोकळा लटकू दिला, तळापासून सगळीकडे बोटभर अंतर आहे हे तपासलं आणि मगच पुढून मागे एकेक आवळत गेली. या वेळी गाडी खाली घेऊन चावी फिरवली तेव्हा फक्त एक जाड, समाधानी गुरगुर आली. सासूने सांध्यापाशी कान नेला. कुठेही फुसफुस नव्हती.

सेक्रेटरी खाली उतरले. गाडीभोवती एक चक्कर मारली. "आवाज गेला, ठीक. पण गाडी फारच जुनाट दिसते हो. आवाराची शोभा जाते. मीटिंगमध्ये विषय घ्यावा लागेल."

तिने चिंधीला हात पुसले. "घ्या. मी येते मीटिंगला. आवाजाचं तुम्ही खरं बोललात, म्हणून दिवसभर मातीत लोळले. शोभेसाठी मी करंगळीसुद्धा हलवणार नाही. गाडी इथेच लागेल."

सेक्रेटरी काही बोलायच्या आत सासू पुढच्या सीटवर चढून बसली होती. "चल. जरा लांबून वळसा घालून आण. इतक्या वर्षांत या गाडीत धड बोलता आलं नाही."

मीटिंगमध्ये विषय निघाला तेव्हा ती पहिल्या रांगेत बसली होती. नखांतलं काळं अजून निघालं नव्हतं. गाडी काढावी असं कोणाकोणाला वाटतं, सेक्रेटरींनी विचारलं. त्यांचा एकट्याचा हात वर गेला, जरा वेळ तसाच राहिला आणि मग चष्मा सारखा करायला खाली आला.