दात बघणारे पाहुणे

लालबागच्या चाळीत त्या रविवारी लवूच्या घरी पाहुणे यायचे होते. त्याच्या बायकोने, मालनने सकाळीच नारळाच्या गोड रसातल्या खापरोळ्या केल्या, बाजेवर नवी चादर घातली. लेक अनुजा परळच्या शाळेत खेळ शिकवायची. कॉलेजात असताना कबड्डीच्या सामन्यात तिचा वरचा एक दात पडला होता. ती फट दाखवत ती बिनदिक्कत हसायची.

नवरा मुलगा वैभव, त्याची आई आणि मावशी आले. खाणेपिणे झाल्यावर मावशी म्हणाली, "बाळ, जरा हस बघू."

अनुजा हसली. मावशीचे समाधान झाले नाही. ती उठली, अनुजाची हनुवटी धरली आणि अंगठ्याने तिचा वरचा ओठ उचलला. अंगठ्याला मशेरीचा वास होता. बाजारात बैलाचे दात बघतात, पण तिथे बैल मान तरी झटकतो.

"एक गायब, आणि पुढचे चार वाकडे," मावशीने निकाल दिला. तिचे स्वतःचे दात काळेकुट्ट होते. "दात बसवून घ्या, या चारांना कॅप घाला. मग सुपारी फोडू."

वैभव मोबाइल बघत होता. लवू हात जोडून हसत होता. ते हसू अनुजाला त्या अंगठ्याहून किळसवाणे वाटले. पाहुणे गेल्यावर तिने साबणाने तोंड धुतले, तरी वास जाईना.

"चार दातांपायी असा स्थळ सोडूचा काय गो?" लवू म्हणाला आणि दुसऱ्याच दिवशी मायलेकींना घेऊन दाताच्या डॉक्टरांकडे गेला.

डॉक्टर पद्मजांनी दात तपासले. "पडलेल्या दातासाठी ब्रिज करता येईल. शेजारचे दोन दात घासून त्यांवर कॅप बसवायच्या, मध्ये खोटा दात जोडायचा. किंवा हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, म्हणजे शेजारच्यांना हात लावावा लागत नाही. घाई नको, विचार करून सांग."

"आणि पुढच्या चारांना कॅप?" लवूने विचारले.

"कशासाठी? कॅप तुटलेल्या, पोखरलेल्या दाताला आधार म्हणून घालतात. हे चारही ठणठणीत आहेत. घासलेला दात पुन्हा वाढत नाही. आतली नस मरू शकते, कॅपही कधीतरी बदलावीच लागते. वाकडे वाटत असतील तर तार लावू. पण तक्रार कोणाची आहे?"

मालन हळूच म्हणाली, "पाहुण्यांची."

डॉक्टरांनी हातमोजे काढून टाकले. "मग पाहुण्यांना पाठवा."

संध्याकाळी अनुजाने वैभवला फोन लावला.

"मावशीचं एवढं काय मनावर घेतेस?" तो म्हणाला. "आजकाल सगळ्याच करतात यार. फोटो पण मस्त येतील."

"ती माझ्या तोंडात बोट घालत होती, तेव्हा तू काय करत होतास?"

"मी काय करणार होतो?"

"काहीच नाही. म्हणूनच माझा नकार आहे."

नकार ऐकून लवू लेकीसमोरचे आपले ताट सरकवून उठला. मालनने मात्र उरलेल्या खापरोळ्या तिच्या ताटात वाढल्या आणि म्हणाली, "जेव. बरा केलंस." पुढे अनुजाने स्क्रूवरचा दात बसवून घेतला, पण स्वतःच्या सोयीने, सुट्टी लागल्यावर. चार दातांना कोणी हात लावला नाही.

गणपती उरकल्यावर तीच मावशी चाळीत पुन्हा आली. या वेळी वैभवसाठीच, खालच्या मजल्यावरच्या रश्मीला बघायला. कळताच अनुजा खाली गेली आणि रश्मीला खेटून बसली. मावशी उठली. तिचा हात रश्मीच्या हनुवटीकडे निघाला, तो अनुजाने वाटेतच धरला.

"तोंड बघायचं असेल तर तिच्याशी बोला, मावशी. बोलताना दात दिसतात."

मावशीने हात सोडवून घेतला आणि चपला शोधू लागली. खोलीत रश्मीचे वडील होते, काका होते, दोन थोरले भाऊ होते. त्यांच्यातल्या एकालाही तो हात धरावासा वाटला नव्हता.