डाग माझ्या अंगावर होता

मी भिंग बोलतोय. असं नाक मुरडू नका. चष्मा आणि मी एकाच काचेचे, पण तो कुणाच्या तरी नाकावर आयता बसून गाव फिरतो आणि मी जन्मभर डॉक्टरच्या चिमटीत. गोल, जाड, मधे फुगीर, भोवती पितळेची कडी. माझ्यातून सगळं उलटं दिसतं, हे आधीच सांगून टाकतो. लोक म्हणतात, हा माझा दोष. मी म्हणतो, सुलटं बघून तरी तुम्ही असे काय मोठे दिवे लावलेत?

माझा जन्म जर्मनीतला. कारखान्यात घासून घासून माझा जीव नकोसा केला, तेव्हा कुठं अंगाला ही झळाळी आली. मग आगबोट, मग आगगाडी, आणि एक दिवस डोळे उघडतो तो नांदेडच्या दवाखान्यात! निजामाचं राज्य होतं. डोळ्यांचे डॉक्टर बापूसाहेब माझे पहिले मालक. माणूस कडक, पण माझ्यावर भारी जीव. वापरण्याआधी मलमलीच्या फडक्यानं पुसायचे, वापरून झाल्यावर पुन्हा पुसायचे. ते माझे सुखाचे दिवस.

बापूसाहेब म्हातारे झाले आणि त्यांनी मला आपला आवडता शिष्य श्रीपाद याच्या हवाली केलं. "जप याला," एवढंच म्हणाले. श्रीपादनं लातुरात दवाखाना थाटला. तो हैदराबादेत उर्दूतून डॉक्टरी शिकलेला, त्यामुळं मराठी बोलता बोलता मधेच रोगाचा 'मर्ज' आणि उपचाराचा 'इलाज' व्हायचा. रोग्याशी वागणं असं गोड, की रडत आलेलं माणूस हसत जायचं. पण वस्तूंच्या बाबतीत नुसता आनंद! पेन कानावर आणि हा शोधतोय खिशात. मला पुसायचा तो आठवण झाली तर, आणि तेही हाताला येईल त्या कपड्यानं. मी किती कुढलो असेन, ते माझं मला माहीत.

आमचं काम असं चालायचं. खोलीची दारं-खिडक्या लावून अंधार करायचा. रोग्याच्या डोक्याशी दिवा. श्रीपाद आपल्या डोळ्याशी एक भोकाचा आरसा धरायचा, त्यातून दिव्याचा उजेड रोग्याच्या डोळ्यात पाठवायचा, आणि त्या डोळ्यासमोर मला धरायचा. मग डोळ्याच्या आतला पडदा माझ्यात उमटायचा. शेतकरी असो की तहसीलदार, आत सगळ्यांचा पडदा तसाच तांबूस. हे बघून मला फार बरं वाटायचं.

अशातच औशाकडचे शेषेराव आणि त्यांची बायको सिंधु आपली तान्ही मुलगी घेऊन आले. कुसुम तिचं नाव. मोठ्या थाटानं बारसं केलेलं. पण लेकराचं डोकं दिसामाशी फुगत होतं आणि डोळे उजेडाकडं वळत नव्हते. श्रीपादनं मला तिच्या डोळ्यापुढं धरलं. दोन्ही पडद्यांवर मधोमध काळे डाग होते, भाकरी करपल्यावर पडतात तसे. हा कुठला मर्ज, ते श्रीपादला कळेना. कुसुम दवाखान्यातच गेली. सिंधु त्या दिवशी रडलीसुद्धा नाही, नुसती भिंतीकडं बघत बसली. तिचा तो चेहरा मी विसरलो नाही.

पुढं दुसरी मोठी लढाई संपली आणि मुंबईहून डॉक्टरी मासिकं पुन्हा येऊ लागली. एकात श्रीपादनं वाचलं, की अमेरिकेत एका बारीक जंतूचे प्रताप उघडकीला आलेत. तो आईच्या नकळत पोटातल्या बाळापर्यंत पोचतो, बाळाचं डोकं फुगवतो, डोळ्यात डाग पाडतो. नाव टॉक्सोप्लाझ्मा. वाचताना श्रीपादच्या तोंडून "या खुदा!" निघालं. कुसुमचा मर्ज हाच होता. पण रक्त तपासून तो ओळखायची सोय आपल्याकडं कुठंच नव्हती. डोक्याचं माप, लेकराचे डोळे आणि मी, एवढाच काय तो आधार.

आणि पुढच्याच हिवाळ्यात शेषेरावांची बैलगाडी पुन्हा दारात. सिंधुच्या मांडीवर नवं लेकरू, मुलगा. अंगावर थोडी कावीळ. बारावा दिवस होऊन गेला तरी नाव ठेवलेलं नव्हतं. सोबत शेषेरावांची थोरली बहीण शिवकन्या, म्हणजे लेकराची आत्या, तिची धुसफूस चालू.

"डाक्टरसायब, तुमीच सांगा हिला. बारसं अडवून बसली हाय. लोक काय म्हनत्याल?"

सिंधु खाली मान घालून म्हणाली, "आधी डोळे बघा. मागं कुसुमचं नाव ठिवलं आन् हाका मारायला लेकरूच ऱ्हायलं न्हाई. ह्याचं चांगलं हाय म्हना, मंग ठिवते. न्हाईतर नाव नगं मला."

श्रीपादनं डोक्याचं माप घेतलं. नेहमीसारखं. कावीळही उतरणीला लागलेली. पण त्याच्या मनातून तो लेख जाईना. डोळे बघितल्याशिवाय तो कशाला हो म्हणणार नव्हता.

आता लेकराला गावाबाहेर न्यायचं, तर दृष्ट लागू नये म्हणून शिवकन्येनं सकाळी डोळ्यांत आणि कपाळावर काजळ रेखलं होतं, घरचं, एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं, चांगलं तेलकट. "हे पुसा आधी," श्रीपाद म्हणाला. शिवकन्येनं नाखुशीनं पदरानं पुसलं. पुसलं कसलं, फासलं! श्रीपादनं लेकराच्या डोळ्यांत बाहुली मोठी करायचं औषध घातलं, दारं लावली, दिवा शेषेरावांच्या हातात दिला. मग लेकराच्या कपाळावर बोट टेकून मला धरायला गेला आणि ते बोट घसरून माझ्यावर आलं. काजळाचा ठसा बरोब्बर माझ्या छातीवर!

मला लगेच कळलं. अंगाला तेल चिकटलेलं मला कळणार नाही? श्रीपाद आरशाच्या भोकातून बघू लागला आणि एकदम पुढं वाकला. पडद्याच्या मधोमध काळा डाग. दुसरा डोळा पाहिला, तिथंही डाग. कुसुमसारखेच दोन्हीकडं.

मी मनातल्या मनात बोंब मारली. अरे बाबा, तो डाग लेकराचा नाही, माझा आहे! पुस मला! पण काचेला तोंड कुठलं? श्रीपाद आरसा खाली ठेवून उठला, नाकावरचा चष्मा काढला आणि तो घासून घासून पुसला. चष्मा! मला नाही! त्या वेळी मला जो संताप आला, तो आजही आठवला की कडी गरम होते. पुन्हा बसला, पुन्हा पाहिलं, पुन्हा तोच डाग.

"काय हाय?" सिंधुनं विचारलं.

श्रीपाद खोटं बोलणारा नव्हता. "डाग दिसतोय, बाई. दोन्ही डोळ्यांत."

शिवकन्येनं कपाळावर हात मारला. "माज्या भावाच्या नशिबी ह्येच का गं बया! हिच्या पोटातच काय तरी खोट हाय."

"असं बोलू नका," श्रीपाद म्हणाला. "हा मर्ज आहे, गुन्हा नव्हे. आईला कळतसुद्धा नाही, तो कधी आत शिरला ते."

सिंधु रडली नाही. लेकरू तिनं नवऱ्याच्या मांडीवर दिलं, दिवा त्यांच्या हातातून काढून चौरंगावर ठेवला आणि श्रीपादसमोर येऊन बसली. "माज्यातनंच गेलंय म्हनता न्हवं? मंग माज्या डोळ्यात बघा. माज्यात असंल तर तिथनं उपटून काढा. तिसऱ्याला तरी जायला नगं."

"बाई, त्यानं काही उपयोग नाही."

"नसू द्या. बघा."

तिचा आवाज असा होता, की श्रीपादला नाही म्हणवेना. त्यानं तिच्या डोळ्यांत औषध घातलं. बाहुली मोठी होईस्तोवर लेकरू शेषेरावांचं बोट धरून चुटूचुटू ओठ हलवत होतं. मग श्रीपादनं मला सिंधुच्या उजव्या डोळ्यापुढं धरलं.

काळा डाग. मधोमध. तोच आकार.

"तुमच्याही डोळ्यात आहे," श्रीपाद चाचरत म्हणाला. "तुम्हाला दिसायला त्रास होतो का?"

"मला? आता औषधानं तेवढं धुरकट दिसाया लागलंय. एरवी साऱ्या गल्लीच्या सुया मीच ओवून देते की!"

श्रीपाद थांबला. मधोमध एवढा डाग असलेली बाई सुई ओवणार कशी? त्यानं डावा डोळा पाहिला. तिथंही तोच डाग, तसाच, तिथंच. आणि मग, देव त्याचं भलं करो, त्यानं मला चिमटीत जरा फिरवलं. सिंधुचा डोळा जागच्या जागी होता, पण डाग माझ्याबरोबर फिरला.

मला उचलून त्यानं दिव्यासमोर धरलं. छातीवर काजळाचा ठसा, त्यात बोटाच्या रेघासुद्धा दिसत होत्या.

"हात्तेरेकी!" श्रीपाद ओरडला आणि वेड्यासारखा हसत सुटला. शेषेरावांना वाटलं, डॉक्टरला काही तरी झालं. त्यानं स्पिरिटचा कापूस घेऊन मला असं रगडून पुसलं, की जर्मनीची आठवण झाली. लेकराला पुन्हा निजवलं. एक डोळा पाहिला, दुसरा पाहिला. आत नितळ, तांबूस पडदा, कुठं ठिपका म्हणून नाही. इतका सुंदर पडदा मी तोवर पाहिला नव्हता, आणि पाहिला असला तरी तो मोजत नाही.

"काही नाही!" श्रीपाद म्हणाला. "काही एक नाही, बाई. डाग या काचेवर होता. काजळाचा. मी गाढव, आपला चष्मा पुसत बसलो. मला माफ करा." त्यानं चक्क हात जोडले.

सिंधुला आधी समजेचना. "म्हंजी... ह्याला दिसतंय?"

"दिसेल. डोकंही ठीक आहे. पावसाळ्याआधी एकदा पुन्हा दाखवायला आणा, पण आज घोर सोडा."

आणि मग ती रडली. कुसुमचं राहिलेलं रडणंही त्याच वेळी आलं असावं. लेकराला छातीशी धरून ती हमसाहमशी रडत होती आणि मधेच हसत होती. शेषेरावांनी उठून दारं-खिडक्या उघडल्या. माझ्या छातीवरचं ओझं तर केव्हाच उतरलं होतं, तरी मीही भरून पावलो.

शिवकन्या कोपऱ्यात चोरट्यासारखी उभी. "काजळ म्याच लावलं हुतं," ती पुटपुटली. "दृष्ट लागू न्हाई म्हनून."

"आक्का," सिंधु डोळे पुसत म्हणाली, "आता हितंच नाव ठिवा त्याचं."

"हितं? दवाखान्यात? पाळणा न्हाई, घुगऱ्या न्हाईत!"

"नसू द्या. मला आत्ताच हाक मारायचीय."

शिवकन्येनं वाकून लेकराच्या कानात कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं, ग्यानोबा. रीतीप्रमाणं बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. शेषेरावांचा धपाटा जरा जोरातच बसला. "ह्यो काजळाचा," ते म्हणाले, आणि शिवकन्या स्वतःच सगळ्यात जास्त हसली.

पावसाळ्याआधी ग्यानोबा आला तेव्हा दिव्यामागं मान फिरवत होता. मला बघून त्यानं झडप घातली आणि सरळ तोंडात घातलं. मी लाळेनं भिजलो, पण त्या दिवशी तक्रार केली नाही. त्यानंतर श्रीपाद मला पुसल्याशिवाय कधीही कुणाच्या डोळ्यापुढं धरत नसे. पुढं एका नव्या ग्रंथात त्यानं वाचलं, की हा मर्ज एकदा होऊन गेलेल्या आईच्या पुढच्या लेकरांना तो सहसा होत नाही. वाचून तो मला म्हणाला, "बघ, उगाच घाबरलो होतो आपण." मला उत्तर देता आलं असतं, तर चार शब्द सुनावले असते.

श्रीपाद गेला, राज्यं बदलली. आता मी त्याच्या नातीच्या, डॉक्टर सौदामिनीच्या टेबलाच्या खणात असतो. तिच्याकडं मोठाली यंत्रं आहेत, माझं काम संपलं. पण मागं एक म्हातारा आपल्या पणतीला दाखवायला आला. डोक्याला फेटा, मोतीबिंदू काढलेला. लेकराचे डोळे चांगले निघाले. जाताना तो म्हणाला, "ताई, तुमच्या आजोबांची एक काच हुती म्हनं, ती हाय का?"

सौदामिनीनं मला त्याच्या तळहातावर ठेवलं. मी त्याला आधी ओळखलं नाही, हाडं किती थकलेली! त्यानं मला लगेच डोळ्याला लावलं नाही. आधी फेट्याचा शेमला पुढं ओढला, दोन्ही बाजूंनी मला हळूहळू पुसलं आणि मगच पणतीकडं बघितलं.

"पुसताय कशाला आजोबा? स्वच्छच आहे," सौदामिनी म्हणाली.

"असंल," ग्यानोबा म्हणाला. "पर माय मरस्तोवर सांगत ऱ्हायली, आधी पूस, मंग बघ."

त्याला ती पोर उलटी दिसत होती, आणि तो खुदुखुदु हसत होता. मलमलीच्या फडक्यातसुद्धा मला इतकं बरं वाटलं नव्हतं. आता मला खणात ठेवा, झोप येतेय. फक्त कधी बाहेर काढलंत, तर सिंधुचं तेवढं ऐका.